रुळांपलीकडचा प्रश्न : अंबरनाथ-बदलापूरच्या वाहतुकीचे अर्थकारण आणि राजकारण

(आनंदनगर, अंबरनाथ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक वाहतुकीचा प्रश्न आपल्याकडे गाऱ्हाण्याच्या रूपात मांडण्याची सवय जडली आहे. गाडी वीस मिनिटे उशिरा आली, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, फलाटाचा क्रमांक ऐनवेळी बदलला, स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने मागेल तो दर घेतला. ही सारी गाऱ्हाणी खरी आहेत आणि ती मांडलीच पाहिजेत. परंतु गाऱ्हाण्यातून निवेदन जन्मते, निवेदनातून आश्वासन मिळते आणि आश्वासनातून एखादी जादा गाडी. त्या जादा गाडीतही सहा महिन्यांत तीच गर्दी होते. असे का होते, याचा उलगडा वेळापत्रकात सापडत नाही. तो जमिनीच्या किमतीत, मजुरीच्या दरात आणि निर्णयाची सत्ता कोणाच्या हाती आहे यात शोधावा लागतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याच्या उदाहरणावरून या प्रश्नाची उकल करण्याचा येथे प्रयत्न आहे.

वस्ती कशी वाढली

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. 1854 च्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोहोचले आणि 1856 मध्ये बदलापूरवरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गेले. या लोहमार्गाची आखणी येथल्या रहिवाशांसाठी झालेली नव्हती. दख्खनचा कापूस बंदराला आणि बंदरावरचा माल व फौजा देशावर नेण्यासाठी तो बांधला गेला. वाटेवरच्या गावांना स्थानक मिळाले ते ओघाने. हा इतिहास मुद्दाम सांगावा लागतो, कारण दीडशेहून अधिक वर्षांनंतरही या मार्गाचे स्वरूप मुळात तेच आहे. तो आजही पुण्याकडची मुख्य वाट आहे, आणि उपनगरी प्रवासी तिच्यावर दाटीवाटीने बसवलेला आहे.

तिन्ही शहरांची घडण मात्र निरनिराळी. उल्हासनगर फाळणीतून जन्मले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने उभारलेल्या कल्याण छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित वसवण्यात आले आणि 1949 मध्ये त्या वसाहतीला नाव मिळाले. पुढे त्या माणसांनी आपल्या कष्टाने घरोघर कारखाने उभे केले. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिराचे गाव. आयुध निर्माणी, आगपेट्यांचा कारखाना आणि नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती यांनी त्याचे कामगार-गाव केले. बदलापूर मात्र कारखान्यांमुळे वाढले नाही. मुंबईत घर परवडेनासे झाले म्हणून ते वाढले. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 98 हजार होती. 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. दहा वर्षांत पाऊणपट वाढ. त्याच जनगणनेत उल्हासनगर 5 लाख 6 हजारांवर आणि अंबरनाथ अडीच लाखांच्या घरात होते. म्हणजे तीन शहरे मिळून नऊ लाखांहून अधिक माणसे, आणि ही संख्याही आता जुनी झालेली आहे.

ही माणसे कोठून आली? गिरणगावातून, परळ-लालबागमधून, कुर्ला-घाटकोपरच्या चाळींतून. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या; त्यांच्या जमिनींवर काय व्हावे यासाठी 1991 मध्ये नियम झाला आणि 2001 मध्ये तो मालकांच्या सोयीने वळवण्यात आला. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. कामगार आणि त्याची मुले मध्य रेल्वेच्या रुळांवरून एकेक स्थानक मागे सरकत गेली. या सरकण्याचा शेवट अजून झालेला नाही. 2024 च्या मार्चमधील शासन निर्णयाने गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना शेलू आणि वांगणी येथे सुमारे 81 हजार घरे देऊ केली. वांगणी हे बदलापूरच्या पुढचे स्थानक. शेलू त्याच्याही पुढे. ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली त्यांना मुंबईत हक्काची जागा न देता आणखी दूर धाडण्याचा हा बेत होता. घर मुंबईतच हवे या मागणीसाठी 2025 च्या जुलैमध्ये गिरणी कामगार आझाद मैदानावर जमले तेव्हा ते घराइतकेच अंतराविरुद्ध बोलत होते. गृहनिर्माण आणि वाहतूक हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी ही घटना नीट पाहावी.

स्वस्त पास कोणाला स्वस्त

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 68 किलोमीटरचे. अंबरनाथ साठावर, उल्हासनगर अठ्ठावन्नावर. बदलापूरहून मुंबईतल्या कचेरीत जाणाऱ्याला घरापासून स्थानकापर्यंतचा आणि उतरल्यानंतरचा वेळ न धरताही गाडीतच जाऊन-येऊन सुमारे तीन तास लागतात. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले, तर हे नऊशे तास होतात. आठ तासांच्या पाळीने भागले तर एकशे बारा दिवस. म्हणजे बदलापूरचा कामगार वर्षातून जवळजवळ चार महिन्यांच्या पाळ्या उभ्याने, लोंबकळत आणि बिनपगारी करतो. या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात होत नाही. बाईच्या बाबतीत तर हा हिशेब याहून कठोर आहे. कारण घरी परतल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते, आणि प्रवासाचे तीन तास तिच्या झोपेतून वजा होतात.

आता अर्थशास्त्रातले एक चलनी मत तपासू. उपनगरी रेल्वे तोट्यात चालते, मासिक पास फार स्वस्त आहे, ही सवलत शहरी मध्यमवर्गाची चैन आहे, सबब ती काढून घ्यावी, असे ते मत आहे. 2014 च्या जूनमध्ये याच विचाराने मासिक पासाची आकारणी पंधरा फेऱ्यांऐवजी तीस फेऱ्यांवर नेण्याची घोषणा झाली. म्हणजे पास एका फटक्यात दुपटीच्या आसपास जाणार होता. मुंबईत असंतोष उसळला आणि चार-पाच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. दुसऱ्या वर्गाच्या ऐंशी किलोमीटरपर्यंतच्या उपनगरी भाड्यातली वाढही रद्द झाली. लोकांचा विजय झाला. परंतु सवलत काढावी हे मत हरले ते लोकक्षोभापुढे, वादात नव्हे. तो वाद समाजवाद्यांनी जिंकला पाहिजे.

स्वस्त पासाचा लाभ खरोखर कोणाला होतो? पास महाग झाला तर बदलापूरच्या कामगाराला दोनच वाटा उरतील : मुंबईत जवळ घर घेणे, किंवा अधिक पगार मागणे. पहिली वाट त्याला बंद आहे. तेव्हा उरते दुसरी. याचाच अर्थ असा, की पास स्वस्त आहे म्हणून मालकाला मजुरी कमी ठेवता येते. मुंबईतल्या बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, दुकाने, हॉटेले यांना साठ-सत्तर किलोमीटरवरून माणसे मिळतात आणि त्यांच्या निवाऱ्याचा मुंबईतला खर्च पगारात धरावा लागत नाही. दुसरा लाभार्थी जमीनमालक. कचेऱ्या एकाच जागी गर्दी करून राहू शकतात, कारण रेल्वे तिथे लाखो माणसे रोज ओतते. आणि त्या गर्दीमुळे तिथल्या चौरस फुटाचा भाव चढतो. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भूखंडांचे लिलाव हजारो कोटींचे होतात ते तिथल्या मातीच्या गुणामुळे नव्हेत.

म्हणून सवलत असावी की नसावी हा प्रश्नच चुकीचा आहे. सवलत राहिलीच पाहिजे. तिचा भार कोणी उचलायचा, हा खरा प्रश्न. आज तो रेल्वेच्या ताळेबंदावर पडतो आणि रेल्वे तो गर्दीच्या रूपाने प्रवाशावर परत टाकते. फ्रान्सने याचे उत्तर 1971 मध्ये दिले. पॅरिस परिसरात ठरावीक संख्येहून अधिक नोकर असलेल्या मालकांवर वेतनाच्या प्रमाणात वाहतूक-कर लावण्यात आला आणि त्याचा पैसा सार्वजनिक वाहतुकीसाठीच राखण्यात आला. पुढे तो इतर शहरांतही गेला. कामगार आणून देण्याच्या सोयीचा लाभ मालकाला होतो, तेव्हा तिचा वाटाही त्याने द्यावा, इतका साधा न्याय त्यामागे आहे. हे परदेशी खूळ आहे असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राच्याच इतिहासाची आठवण द्यावी. रोजगार हमी योजनेसाठी पैसा हवा म्हणून 1975 मध्ये या राज्याने व्यवसाय कर बसवला, आणि शहरातल्या पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामाचा वाटा उचलला. विशिष्ट सामाजिक हेतूसाठी विशिष्ट कर ही कल्पना येथे रुजलेली आहे. फरक इतकाच, की आता तो पगारदाराकडून नव्हे, मालकाकडून घ्यायचा आहे.

दोन रूळ आणि अठरा हजार कोटी

आता प्रत्यक्ष लोहमार्गाकडे वळू. कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात : एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. कल्याणच्या अलीकडे मुंबईच्या बाजूला जलद व धीम्या गाड्यांना स्वतंत्र मार्ग आहेत. ठाणे-दिवा पट्ट्यात पाचवा-सहावा मार्गही 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. परंतु कल्याणच्या पुढे कर्जतच्या फाट्यावर वर्षानुवर्षे एक जाणारा आणि एक येणारा एवढेच मार्ग राहिले. त्यावरूनच लोकल, त्यावरूनच पुण्याच्या व दक्षिणेच्या मेल-एक्स्प्रेस, त्यावरूनच मालगाड्या. एक एक्स्प्रेस पुढे काढायची तर लोकल थांबवावी लागते. बदलापूरला जादा गाड्या का मिळत नाहीत याचे निम्मे उत्तर या दोन रुळांत आहे.

यावरचा उपाय अज्ञात नव्हता. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या 3-अ या टप्प्यात कल्याण-बदलापूर तिसरा व चौथा मार्ग 2019 मध्ये मंजूर झाला. लांबी सुमारे 14 किलोमीटर, मंजुरीच्या वेळचा खर्च सुमारे 1,510 कोटी रुपये. किलोमीटरला सरासरी एकशे आठ कोटी. 2025 साल संपले तेव्हाही हे काम चालूच होते. चौदा किलोमीटरसाठी सहा वर्षांहून अधिक काळ, आणि तेही सपाट भूमीवर!

याच पट्ट्यासाठी दुसरी योजना आखली गेली ती कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोची, म्हणजे मेट्रो 14 ची. सुमारे 38 किलोमीटर, अंदाजित खर्च सुमारे 18 हजार कोटी, आणि ती खाजगी भांडवलाच्या भागीदारीतून उभारण्याचा विचार. किलोमीटरला पावणेपाचशे कोटींच्या आसपास. मेट्रो नकोच, असे कोणी म्हणणार नाही. नव्या दिशेने, ठाण्याच्या खाडीपलीकडे थेट जाणारा मार्ग उपयोगी ठरू शकतो. परंतु अग्रक्रमाचा विचार करताना प्रत्येक रुपयाने किती माणसे हलतील हे पाहावे लागते. जुन्या लोहमार्गाशेजारी दोन रूळ टाकण्याला फीत कापण्याचा मान मोठा मिळत नाही, जाहिरातीत झळकण्याजोगे चित्र निघत नाही आणि कंत्राटही तुलनेने लहान असते. स्वस्त व तातडीचे काम मागे राहते आणि महाग व दूरचे काम घोषणांत पुढे येते, त्याचे कारण येथे आहे.

खाजगी भागीदारीचा अनुभवही जुना नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो 2014 च्या जूनमध्ये सुरू झाली. करारात भाडे नऊ ते तेरा रुपये ठरले होते. गाडी धावू लागताच चालक कंपनीने दहा ते चाळीस रुपयांचा आग्रह धरला. 2015 मध्ये भाडे-निश्चिती समितीने कमाल भाडे 110 रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली; ती 2017 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. साडेअकरा किलोमीटरच्या मार्गावर ही गत. अडतीस किलोमीटरच्या मार्गावर बदलापूरच्या प्रवाशाकडून काय मागितले जाईल, हे वेगळे सांगायला नको. उलट, दक्षिण मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर महापालिकेने सुमारे 14 हजार कोटी रुपये खर्चले. लांबी साडेदहा किलोमीटर; 2024 च्या मार्चपासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला, आणि मोटारवाल्याला तेथे टोलही ठेवण्यात आला नाही. मोटारीला फुकट रस्ता ही सवलत मानली जात नाही. लोकलचा पास मात्र सवलत ठरतो. नियोजनाची भाषा किती वर्गीय असते याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

वातानुकूलित गाड्यांचे प्रकरणही याच दृष्टीने पाहावे. 2022 च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने काही साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या आणल्या. कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी विरोध केला आणि आठवड्याभरात दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. वृत्तपत्रांतल्या काही पंडितांनी या प्रवाशांना प्रगतीचे शत्रू ठरवले. त्या प्रवाशांचा आक्षेप थंड हवेला नव्हता. नेहमीच्या पासावर चढता येणारी गाडी काढून घेऊन, कित्येक पट महाग पासाची गाडी तिच्याच वेळेवर उभी करण्याला होता. दाराची गाडी ही सुरक्षेची निकड आहे. महामारीची दोन वर्षे सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर गेली दोन दशके दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावत आली. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि किमान चौघे दगावले. तेव्हा बंद दाराची गाडी सर्वांना, आणि साध्या भाड्यात, ही मागणी झाली पाहिजे. सुरक्षितता ही वरच्या वर्गाची सुविधा म्हणून विकली जाणे कोणत्याही लोकशाही राज्याला शोभत नाही.

निर्णय कोणाचा

आनंदनगरच्या एखाद्या कामगाराने आपल्या प्रवासाची दाद मागायची ठरवली तर त्याने कोणाच्या दारी जावे? लोकलचे वेळापत्रक मध्य रेल्वेकडे, भाडे दिल्लीत रेल्वे मंडळाकडे, नवे मार्ग मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे, मेट्रो व मोठे रस्ते महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, वसाहतीतले रस्ते औद्योगिक विकास महामंडळाकडे, लांब पल्ल्याची बस एस.टी.कडे, रिक्षाचे दर परिवहन खात्याकडे, आणि स्थानकाबाहेरचा चिखल नगरपालिकेकडे. आठ दारे. प्रत्येक दारी शेजारचे दार दाखवले जाते.

हा विस्कळीतपणा अपघाताने आलेला नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 1975 मध्ये स्थापन झाले ते संपूर्ण प्रदेशाचा एकत्रित विचार व्हावा म्हणून. कालांतराने ते जमीन विकणारे आणि कंत्राटे देणारे खाते बनले. 2008 मध्ये एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण शासन निर्णयाने निर्माण केले गेले. मुख्य सचिव त्याचे अध्यक्ष. कायद्याचे बळ नाही, स्वतःचा निधी नाही, आणि रेल्वेला आदेश देण्याचा अधिकार तर नाहीच. सल्ला देणारी समिती म्हणजे प्राधिकरण नव्हे.

राज्यघटनेने मात्र वेगळी वाट दाखवली होती. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने प्रत्येक महानगर प्रदेशासाठी नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या लोकनिर्वाचित सदस्यांतून व पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडलेले असावेत असे बंधन घातले. महाराष्ट्राने त्यासाठी 1999 मध्ये कायदाही केला. त्या समितीने अंबरनाथ-बदलापूरच्या वाहतुकीचा कोणता निर्णय घेतला, असा प्रश्न चौकात विचारून पाहावा. समितीचे नावच बहुतेकांनी ऐकलेले नसेल. याच दुरुस्तीने घटनेला बारावी अनुसूची जोडली. तीत नगरपालिकांना देता येतील अशी अठरा कामे आहेत. त्यांत रस्ते आहेत, वाहनतळ आहेत, बसथांबेही आहेत. सार्वजनिक वाहतूक मात्र नाही. म्हणजे नगरपालिकेने थांबा बांधावा आणि बसची वाट नागरिकांनी पाहावी, अशी ही वाटणी आहे.

स्थानिक पातळीवरही एकत्र येण्याची संधी एकदा आली आणि गेली. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा कल्याण-डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही तिच्यात होते. 1992 मध्ये ही दोन्ही गावे बाहेर पडली. दूरच्या महापालिकेत आपल्याला कोणी विचारत नाही, ही भावना रास्तच होती. परंतु बाहेर पडताना बससेवेसारखी सामाईक कामे एकत्र ठेवण्याची तजवीज कोणी केली नाही. कल्याण-डोंबिवलीने पुढे 1999 मध्ये आपली परिवहन सेवा काढली. उल्हासनगरने खाजगी कंत्राटदारामार्फत सुरू केलेली बससेवा काही वर्षांत बंद पडली आणि नंतर नव्याने उभी करावी लागली. या गावांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत. एका गल्लीचे एक टोक उल्हासनगरात आणि दुसरे अंबरनाथेत निघते. तरी बसच्या दृष्टीने ही वेगवेगळी राज्येच आहेत.

त्यात भर म्हणजे, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपालिकांची मुदत 2020 मध्ये संपली आणि निवडणुका झाल्या त्या 2025 च्या डिसेंबरात. मधली साडेपाच वर्षे या दोन शहरांचा कारभार प्रशासकांनी केला. कल्याण-बदलापूरच्या मार्गाचे भूसंपादन, स्थानक परिसराचे आराखडे, मेट्रोच्या आखणीची बोलणी ही सारी याच काळातली. ज्या सभागृहात यावर प्रश्न विचारायचे ते सभागृहच अस्तित्वात नव्हते. मग लोकांनी जावे कोठे? लोक रुळांवर गेले. दिव्याला 2 जानेवारी 2015 रोजी ते गाडीच्या खोळंब्यामुळे गेले. बदलापूरला 20 ऑगस्ट 2024 रोजी कारण रेल्वेचे नव्हतेच. एका शाळेतील बालिकांवरील अत्याचाराने संतापलेल्या जनतेने दिवसभर गाड्या रोखून धरल्या. रेल्वेचा संबंध नसलेल्या अन्यायासाठीही या शहराला रुळांवरच यावे लागले, याचा अर्थ सत्तेच्या कानापर्यंत पोहोचणारी दुसरी जागा त्याला ठाऊक नाही. लोकशाहीची ही कंगाल अवस्था आहे.

आनंदनगरचा धडा

आतापर्यंतचे विवेचन मुंबईला जाणाऱ्याचे झाले. परंतु आनंदनगरसारख्या औद्योगिक वसाहतीत प्रवास उलट्या दिशेने होतो. येथल्या कारखान्यांत कामगार उल्हासनगरहून येतात, बदलापूरहून येतात, वांगणी-नेरळकडून आणि आसपासच्या खेड्यांतून येतात. त्यांतले बहुतेक कंत्राटी. त्यांना रेल्वेने पाच-दहा किलोमीटरच जायचे असते. त्यांचा खरा प्रवास स्थानकाबाहेर सुरू होतो. शेअर रिक्षाला एका खेपेचे नुसते दहा रुपये धरले तरी दिवसाचे वीस आणि महिन्याचे पाचशे होतात. बदलापूरहून मुंबईपर्यंतच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाहून ही रक्कम अधिक आहे. सरकार ज्या सवलतीचा गाजावाजा करते ती या कामगाराच्या वाट्याला येतच नाही. रात्रपाळी सुटल्यावर रिक्षाही नसते. मग अंधाऱ्या रस्त्याने पायपीट. दुसऱ्या पाळीला बाया मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या मालकाने हा रस्ता एकदा रात्री अकरानंतर चालून पाहावा.

औद्योगिक विकास महामंडळाने 1962 पासून राज्यभर वसाहती उभारल्या. भूखंड, रस्ते, पाणी, वीज यांची तरतूद झाली. अंबरनाथच्या वसाहतींसाठी बारवी धरणाचे पाणी आहे. यंत्राला लागणारे सर्व काही आराखड्यात होते. यंत्र चालवणारा माणूस वसाहतीत कसा पोहोचेल याचे कलम तेवढे नव्हते. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली येथे नवे स्थानक करण्याचे काम हाती घेतले गेले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु स्थानक झाले की त्याच्या भोवतीच्या जमिनीचा भाव कोणाच्या खिशात जाणार, हेही आताच विचारले पाहिजे. स्थानक सार्वजनिक पैशाने आणि वाढीव मोल खाजगी, हा मुंबईचा जुना शिरस्ता. भाववाढीचा ठरावीक हिस्सा कायद्याने वसूल करून तो याच पट्ट्यातल्या बससेवेकडे वळवला, तर तीन गावांना कोणाकडे हात पसरावा लागणार नाही.

काय मागावे, कसे मागावे

यावरून मागण्यांचा क्रम आपोआप ठरतो. पहिली, कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग मेट्रोच्या आधी आणि मुदतीत. आणि नव्या मार्गांनी मोकळी होणारी क्षमता प्रथम साध्या भाड्याच्या लोकलसाठी. दुसरी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांचा मिळून एकच सार्वजनिक बस-उपक्रम. त्याचे मार्ग कारखान्यांच्या पाळ्यांशी जुळवलेले. आणि रेल्वे व बस यांना चालणारा एकच पास. पॅरिसने असा एकच पास 1975 मध्ये दिला. तेव्हा आजची संगणकयंत्रेही हाताशी नव्हती, फक्त इच्छा होती. तिसरी, मोठ्या मालकांवर वाहतूक-कर आणि स्थानक परिसराच्या जमिनीच्या भाववाढीवर आकार. चौथी, महानगर नियोजन समितीला घटनेतल्या शब्दांप्रमाणे खरे अस्तित्व, आणि वाहतूक प्राधिकरण त्या समितीला जबाबदार.

हे स्वप्नरंजन आहे, पैसा कोठून आणणार, खाजगी भांडवलाशिवाय काही होत नाही, असे सांगितले जाईल. त्यांना समाजवादी चळवळीतल्याच एका कामाचे स्मरण द्यावे. मधु दंडवते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घालण्याचा निर्णय त्यांचा. कोकण रेल्वेसाठी त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये तिचे महामंडळ स्थापन झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांनी भागभांडवल दिले, उरलेला पैसा बहुतांशी रोख्यांतून उभा राहिला, आणि सातशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग सह्याद्रीचे बोगदे व खोल दऱ्या ओलांडून 1998 मध्ये पुरा झाला. डोंगर फोडून सातशे किलोमीटर आठ वर्षांत होतात, तर सपाटीवरचे चौदा किलोमीटर का रखडतात? अडचण अभियांत्रिकीची किंवा पैशाची असती तर कोकण रेल्वे झालीच नसती.

राहिला प्रश्न कार्यकर्त्यांच्या कामाचा. रेल रोको हे जनतेचे हत्यार आहे, त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु रुळांवरची गर्दी पांगली की मागणीही पांगते. ती कागदावर, आकड्यांत आणि संघटनेत टिकवावी लागते. या भागात प्रवासी संघटना आहेत, कामगार संघटना आहेत, महिला मंडळे आहेत; प्रवासी संघटना गाडीचे बोलते, कामगार संघटना पगाराचे, आणि महिला मंडळ रस्त्यावरच्या दिव्यांचे. हे तीन नव्हे, एकच बोलणे आहे, हे दाखवून देण्याचे काम पक्षाचे.

त्याची सुरुवात आनंदनगरपासून करता येईल. वसाहतीच्या फाटकांवर उभे राहून तिन्ही पाळ्यांच्या कामगारांना चार प्रश्न विचारावेत : घर कोठे, कसे आलात, किती वेळ लागला, किती पैसे गेले. दोन महिन्यांत अशी दोन हजार उत्तरे जमवणे वीस कार्यकर्त्यांना अवघड नाही. ही माहिती कोणत्याही खात्याकडे अशा स्वरूपात तयार मिळणार नाही, कारण ती गोळा करण्याची गरज कोणत्याही खात्याला वाटलेली नाही. ती घेऊन नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांकडे जावे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. आणि तिन्ही सभागृहांत एकाच मजकुराचा ठराव मागावा. ठराव झाला तर महानगर नियोजन समितीपुढे ठेवण्यासारखे काहीतरी हाती येईल. झाला नाही तर कोणी विरोध केला, हे त्या दोन हजार कामगारांना त्यांच्याच फाटकावर जाऊन सांगता येईल.